माहेरच्या बोलीतला आवाज

वर्ध्याजवळ पिपरी मेघेतल्या आमच्या घरी लॅपटॉप आला तो लेकीचा जुना. लग्न होऊन बंगळुरूला जाताना तिनं तो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "आई, दुकानाची बिलं आता तू कर. बाबांच्यानं होत नाही." आमचं कापडाचं दुकान सिंदी रेल्वे गावात. हे सकाळच्या गाडीनं जातात, संध्याकाळी परततात. मी घरी बसून बिलं करू लागले, जीएसटीचं काम शिकले, व्यापाऱ्यांना मेल पाठवू लागले. पन्नाशी ओलांडल्यावर शिकलेलं काम माणूस जरा जास्तच जपतो. मी लॅपटॉपला जुन्या ओढणीची खोळ शिवली होती.

एका दुपारी प्रिंटर अडला. कागद आत घेई आणि कोराच बाहेर टाकी. काही उपाय सापडतो का म्हणून मी नेटवर शोधत होते. एका पानावर क्लिक केलं आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजू लागला. एका बाईचा आवाज हिंदीतून बजावू लागला की तुमच्या कम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, कम्प्युटर बंद करू नका, ताबडतोब खालच्या नंबरवर फोन करा. पान बंद करायला गेले तर होईना. आवाज कमी करायला गेले तर तोही होईना. दुकानाचं सगळं त्या लॅपटॉपवर. शेजारी ऐकू जाईल म्हणून मी खिडकी लावून घेतली आणि फोन लावला.

बटण दाबून धरून लॅपटॉप सरळ बंद केला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. ते नुसतं एक पान होतं, आतमध्ये काही शिरलंच नव्हतं. खरा इशारा कधी फोन नंबर देत नाही. पण हे मला फार उशिरा कळलं.

पलीकडे एक तरुण आवाज होता. "नमस्ते मॅडम, टेक्निकल सपोर्ट. बताइए, क्या दिक्कत है?"

नागपूर जवळ असल्यानं हिंदी आम्हाला नवी नाही. पण घाबरले की माझ्या तोंडून माहेरची बोलीच येते. "अहो, सगळं लाल होऊन राह्यलं," मी म्हणाले. "बंदच नाई होऊन राह्यलं."

तो लगेच हिंदी सोडून म्हणाला, "मावशी, तुमी कुठच्या?"

"वर्ध्याची."

"बोलनं तं आष्टीकडचं वाटते."

"माहेर आष्टीचं आहे."

"मंग आपल्याच झाल्या नं! माहं आजोळ आर्वीचं. घाबरू नका मावशी, मी हावो ना."

त्या एका वाक्यानं मला काय झालं ते सांगायला हवं. लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या 'मले-तुले'वर घरात हसू व्हायचं. मी हळूहळू शहरी बोलायला शिकले. बँकेचा फोन येतो तो हिंदीतून, कंपन्यांचा येतो तो पुण्याकडच्या गुळगुळीत मराठीतून. अशा कामाच्या फोनवर माझ्याशी माझ्या बोलीत कुणी कधी बोललंच नव्हतं. शिवाय त्यानं मला काकू म्हटलं नाही, मावशी म्हटलं. मावशी म्हणणारं पोर आईच्या बाजूचं असतं. माझी भीती तिथंच निम्मी गेली. उरलेली निम्मी त्यानं पुढच्या काही मिनिटांत काढून घेतली.

त्यानं मला एक अ‍ॅप उतरवून घ्यायला सांगितलं. "मंग मले अठून तुमचा कम्प्युटर दिसन." अ‍ॅपनं दाखवलेले आकडे मी त्याला वाचून दाखवले आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. माझा हात मांडीवर होता आणि बाण फिरत होता. त्यानं एक यादी उघडली. त्यात लाल खुणा होत्या, एकाखाली एक. "हे पाहा मावशी, हे सारे चोर होत. बरं झालं वेळेवर फोन केला. आजची रात्र गेली असती तं खातं साफ झालं असतं."

मग त्यानं काहीबाही केलं, लाल खुणा गेल्या, भोंगा थांबला. जाताजाता प्रिंटरही सुरू करून दिला. खरंच सुरू करून दिला. कागदावर अक्षरं उमटलेली पाहून मी त्याला म्हणाले, "देव तुझं भलं करो रे बाबा."

वर्षभराच्या संरक्षणाचे पैसे भरायचे होते. मोबाइलवरून भरताना समोर कंपनीचं नाव आलं नाही, कुण्या बाईचं नाव आलं. मी विचारलं, तर तो म्हणाला, "आमच्या अकाउंटवाल्या मॅडमचं हाये ते." आणि वर म्हणाला, "बँकेवाल्यानं विचारलं तं घरखर्च म्हना मावशी. कम्प्युटरचं सांगतलं तं टॅक्स लागते." मला ते थोडं खटकलं. पण प्रिंटर समोर चालू होता.

संध्याकाळी यांना सांगितलं. हे म्हणाले, "पैसे गेले तं गेले, काम तं झालं."

त्यानंतर त्याचा अधूनमधून फोन येऊ लागला. "तपासनी कराची हाये मावशी, लॅपटॉप चालू ठेवजा." तो तिकडून काय करायचा ते मला कळायचं नाही. बाण इकडेतिकडे फिरायचा आणि आम्ही बोलत बसायचो. दुपारचा वेळ, घरात कुणी नाही. लेकीचा फोन आला तरी तिला घाई असायची. याला घाई नसायची. "आज काय केलं मावशी जेवाले?" तो विचारायचा. मी अळूच्या पानांची भाजी म्हटलं की म्हणायचा, "तोंडाले पानी आलं." लहानपणी मामासोबत बाजाराले गेलतो, तिथं हात सुटला आणि रडत बसलो, अशी एक गोष्ट त्यानं सांगितली होती. स्वतःविषयी त्यानं मोकळेपणी सांगितलेली ती बहुधा एकच गोष्ट. बाकी मीच बोलायचे.

मी काय नाही सांगितलं त्याला! धाकटा भाऊ आष्टीला असतो, वांगी, टमाटे, संभार म्हणजे कोथिंबीर लावतो, आठवडी बाजारात स्वतः बसून विकतो. गुडघे दुखतात पण ऐकत नाही. संत्र्याचा बहर यंदा चांगला गेला, आता ठिबकचं जुनं सामान काढून नवं टाकायचं म्हणतो. आई होती तेव्हा घरी काय काय व्हायचं, वडील कुठल्या गोष्टीवर रागवायचे, भाऊ लहानपणी विहिरीत कसा पडला आणि कुणी काढला. तो "हो का?" म्हणायचा, हसायचा, मध्येच एखादा प्रश्न विचारायचा. माझ्या भावाला तो मामा म्हणू लागला. "मामाचं कामच मोठं दिसते मावशी."

एके दिवशी सकाळी मी धान्य निवडत होते. भावाचा फोन आला.

"ताई, तुहा तो पोरगा फोन काऊन नाई उचलून राह्यला?"

"कोन पोरगा?"

"अवं, तो कम्प्युटरवाला. तुवाच तं पाठोला."

माझ्या हातातलं सूप मी खाली ठेवलं. भाऊ सांगू लागला. काल संध्याकाळी त्याला फोन आला होता. 'मामा, मावशीनं नंबर देल्ला. मावशीच्या मोबाइलमधून तुमच्या मोबाइलमंधी व्हायरस आला.' त्यानं एक अ‍ॅप टाकायला लावलं. मग मोबाइलचा पडदा काळा झाला. 'हात नोका लावू मामा, साफसफाई चालू हाये.' भावानं मोबाइल ओट्यावर तसाच ठेवला आणि गोठ्यात गेला.

"आता मेसेज पाहून राह्यलो तं खात्यात काईच नाई," तो म्हणाला. "ठिबकचे पैसे होते ताई. पोराले इचार बरं, कुठी ठेवले त्यानं."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "असं नसन रे. पोरगा चांगला आहे. काही चुकलं असन त्याचं. थांब, मी विचारते."

सख्ख्या भावाचं खातं रिकामं झालेलं ऐकलं आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो त्या पोराच्या बाजूनं.

मी त्याला फोन लावला. भावाचा तो उचलत नव्हता, माझा पहिल्याच रिंगला उचलला. "बोला मावशी!" तोच आवाज, तसाच मोकळा.

मी सांगितलं. त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. "होते असं कधी कधी. पैसे मधात अडकले असन. लॅपटॉप चालू करा, मी पाहून घेतो. तुमचं बँकेचं पान उघडून ठेवजा फक्त."

मी खोळ काढली, झाकण उघडलं. हो, उघडलं. लॅपटॉप सुरू होईपर्यंत तो बोलत राहिला. "अन् मावशी, फोन कट नोका करू. काम होईपर्यंत कोनाशी बोलू नका."

तेवढ्यात फोनमध्ये टुकटुक वाजू लागलं. दुसरा फोन येत होता, भावाचा.

"भावाचा फोन येऊन राह्यला," मी म्हणाले.

"राहू द्या ना. मंग बोलजा."

"त्याले काळजी लागली असन."

"मावशी, उचलू नका म्हनलं ना."

आवाज चढला नव्हता. पण इतक्या दिवसांत त्यानं मला पहिल्यांदाच काही मना केलं होतं, आणि तेही भावाचा फोन घ्यायला. मी गप्प झाले. त्या शांततेत मला त्याच्या मागचे आवाज ऐकू आले. ते नेहमीच यायचे, मी ते ऑफिसचे समजायचे. आता नीट ऐकलं. पुष्कळ पोरं एकाच खोलीत बसून बोलत होती. एक जण हिंदीतून म्हणत होता, "घबराइए मत आंटी, मैं हूँ ना." दुसरा आणखी कुठल्या तरी भाषेत बोलत होता, पण सूर तोच.

मी विचारलं, "माह्या भावाचे पैसे तू घेतले का रे?"

तो त्याच गोड आवाजात म्हणाला, "तुमीच तं सांगतलं होतं मावशी, मामाजवळ पैसे हायेत म्हनून."

आणि फोन ठेवला.

मी वायफायची वायर भिंतीतून उपटली. लॅपटॉपचं बटण दाबून धरलं. डोकं कसं कोण जाणे चालत होतं. भावाला फोन करून सांगितलं, "तो चोर आहे. मोबाइलचं नेट बंद कर, आत्ताच्या आत्ता बँकेत जा, खातं बंद कराले सांग." तो काहीतरी विचारत होता, मी म्हटलं, "पहिले जा." मग सायबर गुन्ह्यांच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. आमच्या बँकेत गेले. माझं खातं वाचलं होतं. नाही तर त्या सकाळी तेही गेलं असतं, मी स्वतः उघडून दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आणि वहिनी एसटीनं वर्ध्याला आले. आम्ही चौघं सायबर पोलिसांकडे गेलो. तिथं एक बाई अधिकारी होत्या, माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. लाल पडदा, फोन नंबर, अ‍ॅप, खासगी माणसाच्या नावावर भरलेले पैसे, बँकेला खोटं सांगायला लावणं. प्रत्येक गोष्टीवर त्या मान हलवत होत्या, जणू पाठ असलेला धडा कुणी म्हणून दाखवत होतं. "ती लाल खुणांची यादी माझ्याही कम्प्युटरमध्ये निघेल," त्या म्हणाल्या. "चांगल्या कम्प्युटरमध्येही असते. आपल्याला माहीत नसतं म्हणून ती दाखवून घाबरवतात. आणि काकू, अनोळखी माणसानं अ‍ॅप टाकायला सांगितलं की समजायचं, तो घरात शिरायला किल्ली मागतोय."

मग त्यांनी भावाला विचारलं, "तुम्ही न बघितलेल्या माणसावर एवढा विश्वास कसा ठेवला?"

भावानं मोबाइल पुढे केला. त्यावर माझ्या नंबरवरून आलेला मेसेज होता. 'भाऊ, हा पोरगा आपलाच हाये. सांगन तसं करजो. मले लय मदत केली यानं.'

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मी तो लिहिला नव्हता. पण मी लिहिला असता तर असाच लिहिला असता. माझं व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर कायम उघडं असायचं. तपासणीच्या दुपारी बाण फिरत असताना तो आमची बहीण-भावाची जुनी बोलणी वाचत होता. मी त्याला भाजीची कृती सांगत होते आणि तो माझ्यासारखं लिहायला शिकत होता. काम झाल्यावर माझ्याकडचा मेसेज त्यानं पुसून टाकला होता.

"हे मी नाही लिहिलं," मी म्हणाले.

वहिनी खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "ताईचं नाव नसतं तं यायनं कोनाचंच आयकलं नसतं."

अधिकारी बाईंनी समजावून सांगितलं, की यात बहिणीचा दोष नाही, असे प्रकार रोज येतात. भावानं मान हलवली. सरकारी माणसासमोर हलवतात तशी.

निघताना मी त्यांना विचारलं, "तो खरंच इकडचा असेल का?"

"सांगता येत नाही. ही टोळ्यांची कामं. जागोजागची पोरं ठेवतात, जिथला माणूस तिथली बोली."

पण मला माहीत आहे. 'बाजाराले गेलतो' हे कुणी शिकवून येत नाही. दुसऱ्या कुण्या मुलखाचा असता तर मी त्याला चोर म्हणून विसरले असते. हा कुण्या आर्वी-आष्टीकडच्या मावशीच्या अंगाखांद्यावर वाढलेला पोरगा. तिनं त्याला ही बोली दिली आणि त्यानं ती घेऊन तिच्यासारख्याच बायकांची घरं उघडली. त्या दिवसांत मला राग यायचा तो पैशाचा नाही. मी त्याला आईविषयी सांगितलं होतं. आई गेल्यावर मी आईविषयी इतकं कुणाशीच बोलले नव्हते.

तक्रार वेळेत झाल्यामुळे भावाच्या पैशांतला काही भाग पुढच्या कुठल्या तरी खात्यात अडवला गेला. बऱ्याच खेपा घालून तो परत मिळाला. बाकीचा गेला. हे म्हणाले, ठिबकचं सामान आपण घेऊन देऊ. भाऊ नको म्हणाला. रागानं नाही, पण दोनदा विचारलं तरी नकोच म्हणाला. फोन करणंही त्यानं कमी केलं. मी करायचे, तो बोलायचा, पाऊसपाण्याचं, पोरांचं. मोबाइलवर कुणाशी बोलतोय याची खात्री नसल्यासारखा जपून बोलायचा.

शेवटी बाजाराच्या दिवशी मी न सांगता आष्टीला गेले. तो नेहमीच्या जागी बसला होता, वांग्यांवर पाणी शिंपडत. मी त्याच्या पाठीमागच्या बाजूनं आले. त्याच्या समोर एक म्हातारबा उभे होते, त्यांनाही तसलाच फोन आला होता म्हणे. भाऊ त्यांना तळमळीनं समजावत होता. "काई टाकू नोका मोबाइलमंधी. आकडा सांगू नोका. घाई करून राह्यला म्हंजे चोरच समजा. अन् नात्याचं नाव घेतलं तरी नोका आयकू. बहिनीचं नाव घेतलं तरी नोका आयकू बाप्पा."

मी मागे उभी होते. तो बोलला त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हातारबा गेले, त्यानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"कवा आली?"

"आत्ताच."

त्यानं पोतं सरकवून मला जागा करून दिली. मी बसले. गिऱ्हाईक येत होतं, तो तोलत होता, मी पिशव्यांत भरत होते. गर्दी कमी झाल्यावर तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पैशाचं नाई वं ताई. तुहा मेसेज आला तवा मले बरं वाटलं होतं. इतक्या दिवसानं तुवा काईतरी सांगतलं, म्हनून लगेच केलं."

मला रडू आलं. भर बाजारात रडायचं कसं, म्हणून मी संभाराच्या जुड्या उगाच इकडच्या तिकडे ठेवत राहिले.

संध्याकाळी घरी वहिनींनी चहा केला. बोलता बोलता मीच म्हणाले, की पुढे आपल्यात पैशाचं, मोबाइलचं काही असलं की आधी एकमेकांना एक प्रश्न विचारायचा. ज्याचं उत्तर फक्त आपल्या दोघांना माहीत असेल. भावाला ते पटलं. तो एकेक सुचवू लागला. विहिरीतून कोणी काढलं? मी म्हटलं, नको, ते मी त्या पोराला सांगितलं आहे. वडील कशावर रागवायचे? तेही. आई कुठलं गाणं म्हणायची? तेही. भाऊ एकेक विचारत गेला आणि मी मान हलवत गेले. वहिनी आमच्याकडे पाहत होत्या. आमचं अख्खं लहानपण त्या पोरानं ऐकून ठेवलं होतं.

अंधार पडायला लागला तेव्हा कुठे एक गोष्ट सापडली. फार क्षुल्लक, सांगण्यासारखी नव्हती म्हणूनच राहिली होती. ती इथेही लिहीत नाही.

आता भावाचा फोन आला आणि काही कामाचं असलं, की तो आधी तो प्रश्न विचारतो. माझा आवाज त्याला जन्मापासून माहीत आहे, तरी विचारतो. मी उत्तर देते. तो म्हणतो, "हां, बोल ताई." मग आम्ही बोलतो.